रॉकेटच्या शेपटीतला गोंद: इपॉक्सीच्या नोंदी

४ जानेवारी

माझ्या जुन्या हौशी रॉकेटची तुटलेली फिन, म्हणजे शेपटीचा पंख, टेबलावर घेऊन बसलो आहे. पॅराशूट वेळेवर उघडलं होतं, रॉकेट बेताच्या वेगानं खाली आलं, जमिनीला टेकलं आणि ही फिन फिलेटसकट (फिन नि ट्यूब यांच्या कोपऱ्यात भरलेल्या गोंदासकट) निघून दोन हात लांब पडली. तेव्हा वाटलं, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून आळणारा गोंद) कमी पडली. पुढच्या वेळी भरपूर लावू.

आज भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं की इपॉक्सीचा काही दोष नाही. फिलेट अखंड आहे, एक चीर नाही. त्याची पाठ अर्ध्या लांबीत आरशासारखी गुळगुळीत आहे आणि उरलेल्या अर्ध्यात ट्यूबवरच्या चकचकीत कागदाचा पापुद्रा चिकटलेला आहे. म्हणजे मी ट्यूब घासलीच नव्हती. पुठ्ठ्याच्या ट्यूबवर वरून एक गुळगुळीत, मेणचट कागद गुंडाळलेला असतो. तो दिसायला छान, गोंदासाठी वाईट. इपॉक्सीनं तिथं तिथं त्याला घट्ट धरलं, पण त्या कागदानं खालच्या पुठ्ठ्याला धरलं नव्हतं.

नवीन रॉकेट सुरू करतोय. ६६ मि.मी.ची जाड पुठ्ठ्याची ट्यूब, ३८ मि.मी.चं मोटर माउंट (मोटर बसते ती आतली ट्यूब), ती मधोमध धरणाऱ्या ६ मि.मी. प्लायच्या सेंटरिंग रिंग, जी-१० फायबरग्लासच्या २.४ मि.मी. जाडीच्या तीन फिन, प्लास्टिकचा नोज कोन (टोकाची टोपी). लांबी १.३५ मीटर. एच वर्गाच्या मोटरवर उडवायचं आहे. (एच म्हणजे एकूण आवेग, जोर गुणिले वेळ, १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट.) यावेळी गोंदाचा हिशेब ग्रॅममध्ये ठेवायचा असं ठरवलंय.

६ जानेवारी

कपाटातल्या बाटल्या काढून मांडल्या.

पाच मिनिटांची इपॉक्सी. हार्डनरला सडक्या अंड्यासारखा वास, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात आणि तीच तिला घाईनं आळवतात. फिन जागेवर धरून ठेवायला उत्तम, भार घ्यायला नाही. पाण्याला आणि उष्णतेला ती लवकर नमते.

तीस मिनिटांची. मधली वाट. ट्यूबमध्ये माउंट सरकवायला एवढा वेळ बरा.

लॅमिनेटिंगची मंद इपॉक्सी. पातळ, कापडात आणि लाकडात मुरणारी. २५ अंशांना कपात पाऊण तास टिकते, पूर्ण जोर यायला आठवडा लागतो. रात्री लावून सकाळी ठोकून पाहिलं की दगड वाटते, पण तेव्हा तिची ताकद अजून यायची असते.

पोलादाची भुकटी घातलेली जे-बी वेल्ड. फक्त मोटर रिटेनरसाठी, म्हणजे मोटर मागून निसटू न देणाऱ्या टोपणासाठी.

आणि लाकडाचा साधा गोंद. हौशी रॉकेटवाल्यांत एक समज आहे की इपॉक्सी म्हणजे वरच्या वर्गातली गोष्ट, लाकडाचा गोंद पोरांसाठी. मला हे पटत नाही. कागदाला कागद, कागदाला लाकूड जोडायचं असेल तर लाकडाचा गोंद तंतूंत शिरतो, सांधा तोडायला गेलं तर पुठ्ठाच फाटतो, आणि पाणी उडून गेल्यावर मागे वजन कमी राहतं. इपॉक्सी लागते ती फायबरग्लासला, धातूला, जिथं फट भरायची आहे तिथं आणि जिथं आकार द्यायचा आहे तिथं. माझ्या रॉकेटात फिन फायबरग्लासच्या आहेत म्हणून इपॉक्सी आली.

११ जानेवारी

चाचणीचे तुकडे केले. जी-१० च्या उरलेल्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उभ्या चिकटवल्या. काही ठिकाणी पुठ्ठा आणि पट्टी दोन्ही ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासून, अल्कोहोलनं पुसून, काही तशाच. जी-१० घासताना मास्क लावला, काचेची धूळ आहे ती. घासून झालं की पृष्ठभागावरची चमक पूर्ण गेलेली दिसली पाहिजे. एक जरी चकाकणारा ठिपका दिसला तरी पुन्हा घासायचं.

खोली १६ अंश.

१२ जानेवारी

एकेक तुकडा व्हाइसमध्ये पकडून हातानं वाकवला.

न घासलेले तिन्ही तुकडे ‘टक’ असा आवाज करून सुटले. पाच मिनिटांची काय नि मंद काय, काही फरक नाही. पट्टीच्या बुडाशी चिकटायला लागलेली खूणही नाही. घासलेल्यांत पुठ्ठा फाटला, गोंद तसाच राहिला. यातही पाच मिनिटांची आणि मंद यांत मला हाताला फार फरक जाणवला नाही, कारण पुठ्ठा दोघींच्याही आधी हार मानतो. मग महिनाभर कोणती इपॉक्सी घ्यावी याचा जो खल केला, त्याचं उत्तर एका पॉलिशपेपरात होतं.

पण एक तुकडा वेगळाच निघाला. मंद इपॉक्सीचा, नीट घासलेला, आणि तरीही वाकवताना चिवट रबरासारखा वळला. नखानं दाबलं तर खूण उमटते. चोवीस तास झाले होते. थंडी आहे हे मान्य, पण त्याच बाटलीतले बाकीचे तुकडे कडक आहेत.

१४ जानेवारी

रबरी तुकड्याचा गुन्हेगार सापडला: स्वयंपाकघरातला काटा.

ही इपॉक्सी मापानं दोनास एक. रेझिन जड, घनता साधारण १.१५, हार्डनर हलका, पाण्याहून थोडा कमीच. म्हणून वजनानं हे प्रमाण १०० ला ५० होत नाही, १०० ला ४३ होतं. एवढं मला माहीत होतं. ६ ग्रॅम रेझिन घेतलं, त्याला २.६ ग्रॅम हार्डनर हवा. काटा एक ग्रॅमच्या पायरीनं चालतो. त्यानं ‘३’ दाखवलं तेव्हा खरं वजन अडीच असू शकतं आणि जवळपास साडेतीनही. शिवाय असले काटे थेंबाथेंबानं वाढणारं वजन मोजायला कंटाळा करतात. आकडा अडकून राहतो, आपण ओतत राहतो. मिश्रणात हार्डनर तिसऱ्या हिश्श्यानं जास्त गेला असणार.

पॉलिस्टर रेझिनवर काम केलेल्यांची इथं हमखास फसगत होते. तिथं हार्डनर जास्त घातला की लवकर आळतं. इपॉक्सीत हार्डनर हा नुसता चिथावणारा नाही, तो साखळीतला निम्मा जोडीदार आहे. एकेका रेणूची जोडी ठरलेली. जास्तीच्याला जोडी मिळत नाही, तो तसाच मधे लोंबकळत राहतो आणि सगळं मऊ पडतं. थंडीत काम उरकायला हार्डनर वाढवायचा नसतो, खोली गरम करायची असते.

०.०१ ग्रॅमचा छोटा काटा आणला. नियम: एका वेळी १५ ग्रॅमच्या खाली मिश्रण करायचं नाही. ढवळणं पूर्ण दोन मिनिटं, कपाच्या कडा आणि बूड खरवडत. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा अर्धा मिनिट, म्हणजे पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेला न मिसळलेला थर सांध्यात जात नाही.

प्रत्येक कप तारीख टाकून जपून ठेवतोय. सांध्यात नख मारून बघण्यापेक्षा कपातल्या उरलेल्यात मारलेलं बरं. फक्त कप सांध्यापेक्षा आधी आळतो, तिथं ढीग असतो आणि ढीग स्वतःच्या उष्णतेनं शिजतो. कप कडक झाला म्हणजे फिन हलवायला मोकळे, असं नाही.

१९ जानेवारी

रेझिनच्या बाटलीत तळाशी साखरेसारखी कणी धरली आहे, वर गढूळ. फेकून देणार होतो. पण हे खराब होणं नव्हे; थंडीत रेझिनचे स्फटिक होतात, मध गोठतो तसं. झाकण सैल करून बाटली ५५ अंशांच्या पाण्यात ठेवली. पाऊण तासात पाण्यासारखी स्वच्छ. एक कणी जरी उरली तरी तिच्याभोवती पुन्हा जमायला लागतं, म्हणून पूर्ण निवळेपर्यंत काढली नाही. गरम असताना वापरायची नाही, कपातला वेळ निम्म्यावर येतो.

या निमित्तानं वाचताना एक मजेशीर गोष्ट कळली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा रसायनतज्ज्ञ या रेझिनवर काम करत होता तो कृत्रिम दातांच्या कवळीसाठी. कवळीत ते फारसं चाललं नाही. १९४६ मध्ये अराल्डाइट म्हणून गोंद बाजारात आला.

२५ जानेवारी

मोटर माउंट. दोन रिंगा मोटर ट्यूबवर बसवायच्या, मागची सध्या नुसती अडकवून ठेवायची, चिकटवायची नाही, कारण फिन आत आल्या की मागच्या तोंडातून आतली फिलेट द्यायची आहेत.

इथं सगळं पुठ्ठा आणि प्लाय आहे, म्हणजे लाकडाचा गोंद पुरला असता. तरीही पुढच्या रिंगेला तीस मिनिटांची इपॉक्सी लावली, कारण पॅराशूटची केव्हलर दोरी त्याच रिंगेच्या खाचेतून मोटर ट्यूबभोवती बांधली आहे आणि ती फट भरायची होती.

दोरीबद्दल एक काळजी. पातळ इपॉक्सी केव्हलरमध्ये वातीसारखी वर चढते. भिजलेला भाग आळला की काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ भाग संपून मऊ दोरी सुरू होते त्या रेषेवर दर झटक्याला ती वाकते नि झिजते. म्हणून दोरीवर गाठीच्या बोटभर पुढे मास्किंग टेप गुंडाळली आणि तिथली इपॉक्सी सिलिकाची बारीक पूड घालून घट्ट केली.

गोंद: १४ ग्रॅम.

२६ जानेवारी

माउंट ट्यूबमध्ये सरकवलं. हे काम लाकडाच्या गोंदानं करणाऱ्यांनी एकदा तरी रडून घेतलेलं असतं. कोरडा पुठ्ठा गोंदातलं पाणी शोषतो, रिंग फुगते, आणि अर्ध्या वाटेत माउंट असं धरतं की पुढे जात नाही नि मागेही येत नाही. इपॉक्सी मात्र वंगणासारखी वागते. ट्यूबच्या आत खोलवर, रिंग जिथं थांबणार त्याच्या जरा अलीकडे लांब काठीनं एक वळं ओढलं, माउंट एका दमात आत. ट्यूबला फिनसाठी कापलेल्या खाचांतून आत डोकावून रिंग खाचेच्या पुढे बसली आहे याची खात्री केली. ट्यूब शेपटीच्या बाजूवर उभी ठेवली, म्हणजे वळं रिंगेवरच जमेल.

९ ग्रॅम.

१ फेब्रुवारी

तिन्ही फिन नुसत्या टेकवल्या. पाच मिनिटांच्या इपॉक्सीची एक बारीक रेघ बुडाला, फोमच्या बोर्डात कापलेल्या चौकटीत १२० अंशांवर उभ्या. फिनच्या बुडाला आधीच ३ मि.मी.ची पाच-पाच भोकं पाडली आहेत. आतलं फिलेट त्यातून आरपार जाईल आणि खिळ्यासारखं अडकेल.

भाची आली होती. दर दहा मिनिटांनी, "मामा, वाळली का?"

"वाळत नाही गं ती. वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं. ही शिजतेय."

"मग कच्ची आहे का अजून?"

यापुढे मी पण हाच शब्द वापरणार आहे. कच्ची, अर्धकच्ची, शिजलेली.

तिला हातमोजे घालायला लावले, नुसतं बघायचं होतं तरी. ओळखीतल्या एकानं वर्षभर उघड्या हातानं काम केलं. आता इपॉक्सीचा डबा उघडला तरी त्याच्या मनगटावर पुरळ येतं. ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. नायट्रिलचेच मोजे. आणि हाताला लागलं तर साबण-पाणी. ॲसिटोननं हात पुसले तर ते पातळ होऊन कातडीत आणखी शिरतं. व्हिनेगर हत्यारं पुसायला चांगलं.

४ ग्रॅम.

२ फेब्रुवारी

आज धूर काढला.

आतली बारा फिलेट (दर फिनला चार: दोन मोटर ट्यूबशी, दोन बाहेरच्या ट्यूबशी) एका बैठकीत द्यायची म्हणून ७० ग्रॅम मिश्रण एकदम केलं, उंच अरुंद कपात. दोन फिलेट झाली आणि चौकट सरकली. ती सारखी करण्यात दहा मिनिटं गेली. परत आलो तर कप हातात धरवेना. आतली इपॉक्सी पिवळी पडून उकळल्यासारखी बुडबुडे सोडत होती, वरून पांढरा तिखट धूर. चिमट्यानं उचलून बाहेर फरशीवर नेऊन ठेवला. कपाचं प्लास्टिक एका अंगाला वितळलं.

चूक माझी, आणि तीही शिकलेली चूक. आळताना उष्णता निघते. ढिगात ती अडकते. तापलं की आळणं आणखी वेगानं, त्यानं आणखी ताप. दर १० अंशांना वेळ साधारण निम्मा होतो, म्हणजे एकदा सुटलं की लगाम नाही. बाटलीवर लिहिलेली पाऊण तासाची वेळ त्या बाटलीच्या ठरावीक मापाला आणि ठरावीक तापमानाला असते. हेच मिश्रण पसरट थाळीत अर्धा सेंटिमीटर जाडीनं पसरलं असतं तर आरामात तासभर मिळाला असता. आता पेल्याऐवजी थाळी, आणि एका वेळी २० ग्रॅम.

उरलेली दहा फिलेट तीन खेपांत दिली. लांब काठीच्या टोकाला चमच्यासारखा कागद वळवून, मागच्या तोंडातून आत, फिन आणि दोन्ही ट्यूब यांच्या कोपऱ्यांत. टॉर्च तोंडात धरून. दिसायला ती कुरूपच झाली आहेत, पण रॉकेट कापल्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत.

१९ ग्रॅम सांध्यात. ५० च्या वर फरशीवर.

८ फेब्रुवारी

मागची रिंग बसवायची होती. आतून बोट फिरवलं तर फिलेटवर चिकट-मेणचट थर. अर्धकच्ची राहिली की काय म्हणून जीव गोळा झाला. नख मारलं तर खाली दगड. म्हणजे हा अमाइनचा थर. हार्डनरमधलं अमाइन हवेतला ओलावा नि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून वर असा साय धरल्यासारखा थर देतं, थंड दमट हवेत मंद इपॉक्सीवर जास्तच. यावर दुसरी इपॉक्सी लावली तर ४ जानेवारीच्या चकचकीत कागदाचीच गोष्ट पुन्हा.

हा थर पाण्यात विरघळतो, अल्कोहोलनं नीट जात नाही. आणि आधी पॉलिशपेपर मारला तर तो चरांत भरतो. तेव्हा आधी ओलं फडकं आणि भांडी घासायची हिरवी जाळी, मग कोरडं, मग पॉलिशपेपर. पुठ्ठ्याला पाणी लागू नये म्हणून फडकं पिळून पिळून घेतलं. दीड तास गेला. २ तारखेलाच, इपॉक्सी अर्धकच्ची असताना, रिंग चिकटवली असती तर दोन्ही एकजीव शिजल्या असत्या, घासण्याचं कामच नव्हतं.

रिंग: ८ ग्रॅम.

९ फेब्रुवारी

ॲल्युमिनियमचा रिटेनर जे-बी वेल्डनं. माझी मंद इपॉक्सी खोलीच्या तापमानाला आळलेली, ती ५५-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. मोटर जळून झाल्यावर तिच्या केसिंगची (धातूच्या कवचाची) उष्णता हळूहळू मागे सरकत इथंच येते. जे-बी वेल्डची कंपनी ५५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २८८ सेल्सिअसपर्यंत टिकते असं सांगते. एवढं लागणार नाही, पण ६० नक्की ओलांडेल. मोटर ट्यूबचं टोक घासलं, रिटेनरची आतली बाजू खरवडली. आटे भरू नयेत म्हणून कापसाच्या काडीनं पुसले.

५ ग्रॅम.

(याच कारणानं रॉकेट काळं रंगवायचा विचार सोडला. उन्हात काळी ट्यूब किती तापते हे हात लावल्याशिवाय कळत नाही.)

१५ फेब्रुवारी

बाहेरची फिलेट. या कामासाठी सगळा खटाटोप.

सकाळी घासणं: ट्यूबवर फिनच्या दोन्ही बाजूंना १२ मि.मी.ची पट्टी, तपकिरी तंतू उघडे दिसेपर्यंत. मग मास्किंग टेप. त्रिज्या १० मि.मी. हवी म्हणून २० मि.मी. व्यासाच्या पाइपच्या तुकड्यावर कार्बन पेपर गुंडाळला आणि कोपऱ्यात फिरवला. पाइप जिथं फिनला नि ट्यूबला टेकतो तिथं काळी रेघ उमटते, टेपची कड त्या रेघेवर. ही युक्ती मला उशिरा सुचली. याआधी टेप अंदाजानं मारत होतो आणि दोन फिलेट कधी सारखी झाली नाहीत.

रॉकेट आडवं, दोन फिन वर, मधे दरी. एका वेळी फक्त त्या दरीतली दोन फिलेट. बाकीची उद्या आणि परवा. घाईनं सहाही द्यायला गेलं की खालच्या बाजूची ओघळतात.

मिश्रण २० ग्रॅम. दोन मिनिटं ढवळून मग कोलॉइडल सिलिका. ती ढगासारखी हलकी, चमचा कलता केला तरी हवेत तरंगते, म्हणून मास्क. इपॉक्सीच्या दीडपट आकारमानाची घालावी लागली. काडी उलटी धरली तरी टोकावरचा तुरा जागचा हलत नाही, टूथपेस्टपेक्षा किंचित सैल, एवढं दाट. नुसत्या सिलिकानं फिलेट फार कडक, घासायला दगड होतं. म्हणून थोडे काचेचे पोकळ कण मिसळले. वजन कमी, घासायला सोपं, ताकद थोडी कमी. भार आतली फिलेट घेतात, बाहेरचं काम ताण कोपऱ्यात एकवटू न देणं, हे माझं गणित.

पिशवीच्या कोपऱ्यातून रेघ सोडली. पाइपचा तुकडा अल्कोहोलमध्ये बुडवून, तिरपा धरून, टोकापासून टोकापर्यंत एकाच ओढीत. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह टाळायचा. दुसरी ओढ नेहमी बिघडवते. पाइपच्या कडेनं बाहेर आलेलं टेपवर पडतं, तिथंच राहू द्यायचं.

आता वाट बघणं. कपातलं उरलेलं बोटाला चिकटेनासं झालं पण नख रुतत होतं, चामड्यासारखं, तेव्हा टेप ओढली. तासभर आधी ओढली असती तर कड ओघळली असती, दोन तास उशीर झाला असता तर टेप आत अडकून कापावी लागली असती. कड सुरीनं कापल्यासारखी आली.

१८ फेब्रुवारी

सहाही झाली. २२ ग्रॅम. दोन ठिकाणी टाचणीएवढी हवेची भोकं. भरून घेतली.

२२ फेब्रुवारी

गोंदाचा हिशेब: १४, ९, ४, १९, ८, ५, २२. एकूण ८१ ग्रॅम.

जुन्या रॉकेटचा आकडा माझ्याकडे नाही, पण शेपटी हातात घेतली की कळतं. समजा तिथं ४० ग्रॅम उगाच जास्त होते. ते गुरुत्वमध्याच्या ४५ से.मी. मागे. ते तोलायला नोज कोनमध्ये, गुरुत्वमध्याच्या ७० से.मी. पुढे, २६ ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे मागे ४० चुकले की रॉकेट ६६ नं जड. ओपनरॉकेट या संगणक प्रोग्रॅममध्ये फिलेटची त्रिज्या टाकता येते, वजन ते धरतं. आतला ढिसाळपणा धरत नाही, तो आपण वेगळा लिहायचा.

सगळं भरून, मोटरच्या वजनाचा तुकडा घालून, दोरीवर तोललं. गुरुत्वमध्य टोकापासून ८६ से.मी., दाबमध्य (हवेचा जोर एकवटतो तो बिंदू, सरळ उडायला तो मागे हवा) ९४. अंतर ८ से.मी., म्हणजे सव्वा व्यासाच्या थोडं खाली. चालेल, पण मला दीड हवा. नोजमध्ये ३५ ग्रॅम छर्रे.

नोज कोन पॉलिप्रोपिलीनचा आहे आणि त्याला इपॉक्सी चिकटत नाही. कितीही घासा, आळल्यावर गोळा आतल्या आत खुळखुळतो. म्हणून टोकाजवळ आडवी दोन भोकं पाडून त्यातून लाकडी काड्या घातल्या आणि छर्रे-इपॉक्सीचा गोळा त्यांच्याभोवती आळू दिला. चिकटला नाही तरी निसटणार नाही. दोन खेपांत ओतलं, टोक पाण्याच्या बादलीत बुडवून. २ तारखेचा कप अजून फडताळावर आहे.

आता गुरुत्वमध्य ८४ च्या किंचित पुढे. काड्या कापून बाहेरून घासल्या.

८ मार्च

उड्डाण. क्लबचं मैदान, रीतसर परवानगी, कारखान्यात तयार झालेली एच मोटर, सरासरी जोर १२० न्यूटन. रॉकेट मोटरसकट १.४५ किलो. वजनाच्या आठपट जोर, पाचपटीचा दंडक सहज पार.

सुरक्षा अधिकाऱ्यानं प्रत्येक फिन अंगठा नि बोटांत धरून आडवी हलवली. तिसरी धरली तेव्हा माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे.

सरळ गेलं. उड्डाणाच्या रेलवरून सुटताना जरासंही डुललं नाही. उंचीमापकानं ६८० मीटर दाखवले. पॅराशूट शिखराच्या थोडं उशिरा, जोरात झटका, दोरी टिकली. उतरलं ते कडक ढेकळांवर, शेपटीकडून, एका फिनवर सगळा भार. आवाज लांबूनही ऐकू आला.

पळत गेलो. तिन्ही फिन जागेवर.

९ मार्च

घरी नाणं घेऊन बसलो. फिलेटच्या लांबीवर दर सेंटिमीटरला हलकेच ठोकत गेलो. चांगल्या सांध्याचा आवाज टणक, उंच. आत सुटलं असेल तर बद्द येतो.

पहिली फिन, दोन्ही बाजू टणक. दुसरी टणक. तिसरी, म्हणजे ढेकळावर बसलेली: डावीकडे ठीक, उजवीकडे मागच्या टोकापासून ३ ते ५ से.मी.च्या दरम्यान बद्द. रंगाला केसाएवढी चीर. रंग खरवडला तर फिलेट अखंड आहे, त्याच्या खालचा पुठ्ठाच थरातून उसवला आहे.

दोन सेंटिमीटरची जागा पेन्सिलीनं आखली. दोन टोकांना १.५ मि.मी.ची भोकं पाडायची, एकातून सुईनं मंद इपॉक्सी, सिलिका न घालता, थोडी कोमट करून, दुसऱ्यातून बाहेर दिसेपर्यंत. अंदाज १ ग्रॅम. खोली आता २४ अंश आहे.